दिवटी, राळ आणि रंगभूमी

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण बहुधा ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसापासून आरंभ करतो. त्या दिवशी सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हे आख्यान रंगभूमीवर आणले, आणि तो दिवस आता मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. तेथून पुढे नाटककारांची नावे, नाटकांची नावे, मंडळ्यांच्या स्थापना आणि त्यांच्या फाटाफुटी असा तो इतिहास चालत राहतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु नाटक ही डोळ्यांनी पाहावयाची वस्तू आहे आणि ती पाहावयास उजेड लागतो, ही साधी गोष्ट या इतिहासात जवळजवळ कोठे आढळत नाही. रात्रभर चालणारा खेळ लोक कोणत्या उजेडात पाहत होते, तो उजेड कोण धरीत होते, आणि त्या उजेडाने खेळाला कोणते वळण दिले, या प्रश्नांचा विचार आपण फारसा केलेला नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत राहणाऱ्यास हा प्रश्न विशेष जवळचा वाटावा. कारण येथे पूर्वेकडून कानडी बयलाट, पश्चिमेकडून कोकण-गोव्याचे खेळ आणि उत्तरेकडून सांगली-कोल्हापूरकडची नाटके एकमेकांस भेटतात, आणि या सर्वांची जी एक समाईक मिळकत होती ती म्हणजे जळती दिवटी. भाषा निराळ्या, देवदेवता थोड्याफार निराळ्या, गाण्याची धाटणी निराळी. पण उजेड एकच. रंगभूमीचा इतिहास संहितेवरून लिहिला तर हा टापू त्याच्या कडेला पडतो. तोच उजेडावरून लिहावयास घेतला तर तो मधोमध येतो, असे मला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत या वस्तूला किती नावे आहेत! दिवटी, पोत, मशाल, हिलाल, टेंभा, पलिता, चूड. यांतील मशाल आणि हिलाल हे शब्द मूळचे अरबी; दिवटी हा संस्कृतातील दीप आणि वर्ती यांपासून आलेला. कानडीत हीच वस्तू 'दीवटिगे' होते, आणि हिलाल व राळ हे दोन्ही शब्द तर कानडी मनुष्य आपल्यासारखेच उच्चारतो. हे शब्द एका भाषेने दुसरीकडून उसने घेतले असे म्हणण्यापेक्षा, एकाच कामावर राबणाऱ्या माणसांच्या तोंडी ते दोन्हीकडे एकदमच रुळले असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. चूड ही त्यांतली सर्वांत गरीब. नारळीच्या झावळ्यांची किंवा वाळल्या गवताची जुडी पेटवली की झाली चूड. ती वाट दाखवते, खेळ दाखवू शकत नाही. खेळाला लागते ती लोखंडी किंवा लाकडी दांड्याच्या टोकास चिंध्या घट्ट गुंडाळून तेलात भिजविलेली मशाल. ती जळू लागली की शेजारी बुधली घेऊन उभे राहावे लागते. वात कोरडी पडली की धूर होतो, तेल अधिक झाले की ते ठिबकते. करंजाचे तेल घाटावर, उंडीचे कोकणात. दोन्ही खाण्याच्या उपयोगाची नव्हेत, म्हणूनच जाळावयास परवडणारी.

ही मशाल धरणे हे एक काम होते, आणि ते काम गावगाड्यात वाटून दिलेले होते. आपल्याकडील अनेक गावांत लग्नाच्या वरातीत आणि देवाच्या पालखीपुढे मशाल धरण्याचा मान, खरे म्हणजे त्याचा भार, न्हाव्याकडे असे. कानडी मुलखात ते मडिवाळाकडे म्हणजे परटाकडे होते. चिंध्या त्याच्याच घरच्या. 'मान' हा शब्द अशा ठिकाणी आपण फार सहज वापरतो. रात्रभर हात उंच करून, तोंडावर धग आणि मनगटावर गरम तेलाचे थेंब सोसत उभे राहणाऱ्या माणसाला पहाटे पदरात काय मिळत होते, ते बलुत्याच्या हिशेबात पाहावे. नाटकाच्या इतिहासात सूत्रधाराचे नाव सापडते, विदूषकाचे सापडते, स्त्रीपार्ट करणाऱ्या मुलाचेही एखादे वेळी सापडते. मशालजीचे नाव सापडत नाही. आणि तरीही, आजच्या भाषेत बोलावयाचे तर, तोच आमच्या रंगभूमीचा पहिला प्रकाशयोजनाकार होय. कारण त्याचा दिवा एका जागी बांधलेला नव्हता. सोंग पुढे सरकले की तोही सरके, सोंगाने मान वळवली की तो ज्योत त्या बाजूस नेई. कोणते तोंड दिसावयाचे आणि कोणते अंधारात राहावयाचे, हे त्याच्या मनगटावर अवलंबून होते.

आता या ज्योतीने खेळास काय रूप दिले ते पाहावे. दोन किंवा चार मशालींचा उजेड फार तर दहा-बारा पावलांपर्यंत नीट पोहोचतो, त्यापलीकडे अंधारच. त्यामुळे या खेळांत रंगभूमी म्हणजे बांधलेली जागा नसून उजेडाचे वर्तुळ होय. कानडीत या सर्व प्रकारांस 'बयलाट' असे समर्पक नाव आहे. बयल म्हणजे उघडे मैदान आणि आट म्हणजे खेळ. आपणही दशावतारी 'खेळ'च म्हणतो. वर्तुळाच्या बाहेर पात्र असले तर ते नसल्यासारखेच, आणि आत आले की एकदम प्रकट झाल्यासारखे. म्हणूनच या सर्व प्रकारांत पात्राच्या प्रवेशाला एवढे महत्त्व आले. दोन माणसांनी हातांत धरलेला पडदा, त्याच्या आडून आधी नुसता आवाज, मग मुकुटाचे टोक, मग पडद्यावर टेकलेली बोटे आणि अखेरीस सबंध सोंग, असा तो लांबलचक प्रवेश असतो. विजेच्या उजेडात तो पाहताना आजच्या प्रेक्षकास कंटाळा येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो प्रवेश त्या उजेडासाठी रचलेलाच नव्हता.

रंगांचेही तसेच. ज्योतीचा उजेड तांबूस-पिवळा; त्यात निळा आणि हिरवा रंग काळवंडतो, तांबडा, पिवळा व पांढरा तेवढा उठून दिसतो. हिंगूळ, हरताळ, सफेदा आणि काजळ एवढ्यावरच आमची जुनी रंगपेटी भागत होती, ती केवळ गरिबीमुळे नव्हे. उजेड बहुधा खालून आणि बाजूने येई. भुवईची सावली कपाळावर पडे, नाकाची गालावर. अशा उजेडात मुद्रेवरचे बारीक भाव बुडून जातात, म्हणून चेहरा जाड रेषांनी लिहावा लागे. आणि बेगड! 'बेगडी' हा शब्द आपण खोट्या, दिखाऊ वस्तूस लावतो. बेगड ही मुळात हलत्या ज्योतीची सोबतीण. स्थिर दिव्याखाली ती निर्जीव कागदासारखी दिसते. मशालीपुढे तिचा प्रत्येक सुरकुतलेला कण निरनिराळ्या क्षणी चमकतो आणि लाकडी मुकुट खरोखरीच रत्नजडित वाटतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांत बेगडाचे मुकुट घातलेले राम-लक्ष्मण ट्यूबलाइटखाली उभे केलेले पाहून मला नेहमी वाटत आले आहे की, आपण त्या बिचाऱ्या बेगडाची साक्ष चुकीच्या न्यायालयात काढीत आहोत.

या साऱ्यावर कळस म्हणजे राळ. राळ म्हणजे झाडाचा वाळून घट्ट झालेला चीक. तिचा खडा पेटवला तर तो धुमसत, धूर करीत जळतो. पण तीच खलून तिची मैद्यासारखी पूड केली आणि मूठभर ज्योतीवर फेकली तर हवेत विखुरलेला प्रत्येक कण एकाच क्षणी पेट घेतो, आणि भप्पकन् आगीचा लोळ उठतो. तो निमिषभरच टिकतो, आणि त्यानंतरचा अंधार आधीपेक्षा दाट वाटतो. राक्षसाच्या प्रवेशास हीच राळ उडवीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यक्षगानात राक्षसाच्या दोहों बाजूंस मशालजी उभे राहून राळ टाकीत. भावे यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या आख्याननाटकांतही राक्षसमंडळी हातांत मशाली घेऊन, राळेच्या भडक्यांत, 'अल्लल्ल डुर्र' अशा आरोळ्या ठोकीत येत. या आरोळ्यांची आणि मृदंगाच्या दणदणाटाची पुढील पिढीने 'तागडथोम नाटके' म्हणून पुष्कळ चेष्टा केली. पण मैदानात बसलेल्या शेकडो माणसांच्या मागच्या रांगेस तो भडका दिसत होता आणि ती आरोळी ऐकू येत होती. दुसरे काहीही पोहोचण्यासारखे नव्हते. ही युक्ती केवळ आपलीच होती असेही नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत इटलीतील नाट्यगृहांत वीज चमकल्याचा भास करावयाचा झाल्यास राळेची पूडच मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवीत असत. मात्र तेथे तिने आकाशातील वीज दाखवली. आपल्याकडे तिने राक्षस दाखवला.

येथे सांगलीच्या प्रसंगाकडे वळले पाहिजे. उत्तर कन्नडमधील होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी १८४२ च्या सुमारास सांगलीस आली. त्यांचे खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले, आणि तशाच प्रकारचे पण अधिक नेटके खेळ मराठीत करावे अशी आज्ञा त्यांनी आपल्या आश्रयास असलेल्या भावे यांस केली. ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. तिचे कोणी काय करावे यावर मात्र एकमत नाही. मराठी अभ्यासकांतील एक पक्ष कर्कीकरांचे ऋण मोकळेपणाने मान्य करतो. दुसरा पक्ष कोकणातील दशावतारी खेळांकडे बोट दाखवून म्हणतो की मूळ आमच्याच घरी होते. तिसरा तंजावरच्या शहाजीराजांच्या नाटकांचा दाखला देतो, जी सांगलीच्या प्रयोगापूर्वी दीडशे वर्षे लिहिली गेली होती. कानडी अभ्यासकही आपल्या बाजूने हा प्रसंग अभिमानाने सांगतात, आणि त्यांनी तसे का करू नये?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा टापू त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या वादाची योग्यायोग्यता हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे, आणि त्याविषयी येथील मराठी माणसाच्या भावना काय आहेत हे मी निराळे सांगावयास नको. पण जमिनीच्या वाटणीबरोबर इतिहासाचीही वाटणी करण्याची जी सवय दोन्हीकडे लागली, तिने रंगभूमीच्या अभ्यासाचे नुकसान केले. कर्की की कोकण, हा प्रश्न वारशाच्या दाव्यासारखा लढविला जातो. हातात धरलेला पडदा, आरंभी गणपती, मग सरस्वती, मागे उभ्या असलेल्या सूत्रधाराचे किंवा भागवताचे गाणे, राक्षसाला राळ, दिवटीचा फिरता उजेड, हे सर्व कर्कीला होते. यातील बहुतेक दशावतारातही होते. म्हणजे ही सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरलेली एक कारागिरी होती. सुताराच्या रंध्याला जशी मातृभाषा नसते तशी ती मशालीलाही नव्हती.

भावे यांची थोरवी यात कमी होत नाही. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि दरबारचा आश्रय सुटला. तेव्हा भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, आणि १८५३ साली त्यांनी मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ केले. त्या दिवसांत माळावरच्या खेळाने प्रथमच छपराखाली, तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांपुढे पाऊल टाकले. त्यांच्या पाठोपाठ इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या उभ्या राहिल्या. इचलकरंजी आणि आळते ही दोन्ही गावे आमच्या निपाणीहून फार दूर नाहीत. पंचगंगा-दूधगंगेच्या या खोऱ्यातून मुलखाच्या मानाने किती मंडळ्या निघाल्या, याचे कौतुक वाटते.

आणि मग ऋणाची उलट फेड सुरू झाली. मराठी मंडळ्या फिरत फिरत धारवाड, हुबळी, गदग या भागांत गेल्या व तेथील कानडी प्रेक्षकांस त्यांनी वेड लावले. ते पाहून गदग येथे सक्करी बाळाचार्य ऊर्फ शांतकवी यांनी १८७० नंतरच्या दशकात कानडी नाटकमंडळी उभी केली आणि 'उषाहरण' रंगभूमीवर आणले. उत्तर कर्नाटकातील व्यावसायिक कानडी रंगभूमीचा आरंभ तेथून मोजतात. म्हणजे कर्कीने सांगलीला पेटविले आणि सांगलीने गदगला. ज्योतीवरून ज्योत लावताना पहिली विझत नाही, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वभागात तर या काळात बयलाटाची स्वतंत्र भरभराट चालू होती. कुलगोडच्या तम्मण्णाने 'श्रीकृष्ण पारिजात' या खेळास जे रूप दिले ते गावोगाव पसरले. रुक्मिणी व सत्यभामा यांच्या मत्सराची ती कथा, नाचापेक्षा गाण्यावर अधिक भर देणारी. पुढे कौजलगी निंगम्मा या स्त्रीने त्याच खेळात मोठे नाव मिळविले. मराठी रंगभूमीवर स्त्रियांची कामे पुरुषांनी करावयाची की स्त्रियांनी, यावर आपण जेव्हा लेख लिहीत होतो, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील एक स्त्री उघड्या माळावर रात्रभर गात होती, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? बैलहोंगलला घडलेल्या एका खुनाच्या हकीकतीवर रचलेला 'संग्या-बाळ्या' हा खेळही याच जिल्ह्याचा. देवादिकांची कथा सोडून एका व्यापाऱ्याची, एका परस्त्रीची आणि विश्वासघातकी मित्राची कथा सांगणारा तो खेळ गावकरी मंडळी त्याच माळावर बसून तितक्याच तन्मयतेने पाहत. राळ उडविण्यास त्यात राक्षस नव्हता. तरीही तो चालला.

याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे ३१ मार्च १८४३ रोजी, म्हणजे 'सीता स्वयंवर'च्याच वर्षी, बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. बेळगावास त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. कानडी त्यांच्या कानांत लहानपणापासून मुरलेली होती, आणि 'शाकुंतल' व 'सौभद्र' यांतील कित्येक पदांच्या चाली कानडी आहेत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि मशालीचे राज्य खऱ्या अर्थाने संपले. सूत्रधार मागे उभा राहून सर्वांची पदे गात होता, ते आता पात्रेच गाऊ लागली. राक्षसांचा धिंगाणा गेला. गाणारे पात्र एका जागी उभे राहू लागले, आणि त्याच्या मुद्रेकडे पाहावेसे वाटू लागले. या बदलास संस्कृत नाटकांचे वळण व पारशी नाटकांचे उदाहरण कारणीभूत झाले हे खरे आहे. पण मला वाटते, स्थिर दिव्यांच्या रांगांशिवाय ते इतके सहज झाले नसते. फिरत्या, धुरकट ज्योतीत शकुंतलेचा निरोप कोणास दिसला असता? मशालीस कचेरी, युद्ध, वध आणि दर्शन साधते. विरह साधत नाही. म्हणून मशाल गेली याचे सरसकट दुःख करण्याचे मला कारण दिसत नाही. तिच्याबरोबर धूर गेला, मांडव पेटण्याची भीती गेली, आणि एका माणसाचा भाजलेला हातही गेला.

माळावर मात्र तिने पुष्कळ दिवस तग धरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गॅसबत्ती आली, आणि ती बांबूला टांगलेली असल्याने उजेड प्रथमच डोक्यावर गेला. ज्या सावल्या वर पडत त्या खाली पडू लागल्या. चेहऱ्याचे सारे लिहिणे निरुपयोगी झाले. तिच्या मागोमाग वीज आणि ध्वनिक्षेपक आले. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर आदी दशावतारी मंडळ्यांनी हे सर्व पत्करले आणि त्या टिकल्या, हे त्यांचे शहाणपणच म्हटले पाहिजे. संकासुराची लाल जीभ आजही मुलांना भिववते. पण ती आता सबंध वेळ दिसत राहते, आणि सबंध वेळ दिसणाऱ्या वस्तूचे भय किती वाटावयाचे?

पश्चिमेकडे, गोव्यातील सत्तरी, सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि आमचा खानापूर यांच्या सीमेवरील रानांतल्या गावांत शिमग्याच्या दिवसांत 'रणमाले' नावाचा एक खेळ होतो. रामायण-महाभारतातील कथाभाग, 'जत' नावाची गाणी, घुमट आणि कांसाळे यांची साथ, आणि सर्व खेळगडी ओळीने उभे राहून स्वतःच पडद्यासारखे झालेले, असा त्याचा थाट. या नावाची फोड करताना रण म्हणजे युद्ध अथवा रान, आणि माले म्हणजे दिवट्यांची माळ, असे सांगतात. ही फोड भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो. ज्या खेळाचे नावच दिव्यांवरून पडले असे लोकांस वाटते, त्या खेळात दिव्याचे स्थान काय होते हे तिने कळते. शिवाय खेळ बंद केला तर ग्रामदेवता कोपेल अशी गावकऱ्यांची समजूत आहे. तो पाहणाऱ्यांसाठी नाही, देवीसाठी आहे.

या ठिकाणी जपानची आठवण होते. तेथील नारा शहरात कोफुकुजी नावाचे जुने बौद्ध मंदिर आहे. त्याच्या आवारात लोखंडी टोपल्यांत लाकडे पेटवून त्या उजेडात 'नो' नाट्याचे प्रयोग करण्याची प्रथा हजार वर्षांहून जुनी आहे असे तेथील परंपरा सांगते. तिला 'ताकिगि-नो' म्हणतात. ताकिगि म्हणजे सरपण. वर्षाच्या दुसऱ्या महिन्यातील धर्मविधीत देवतेस सरपण अर्पण करीत, त्या विधीस जोडून हे खेळ आले. नोचा नट मुखवटा घालतो. लाकडी मुखवट्यावर भाव बदलत नाहीत. पण तो किंचित वर उचलला तर उजळतो, किंचित खाली झुकविला तर मलूल होतो, आणि या दोहोंस त्या कलेत निरनिराळी नावे आहेत. हलत्या ज्योतीत हा फरक दुणावतो. लाकूड श्वास घेते आहे असे वाटते. या प्रथेतही मध्यंतरी खंड पडला होता. पण १९५० साली क्योतोच्या हेइआन देवळात दर जूनमध्ये असे प्रयोग करण्यास आरंभ झाला, आणि त्यानंतर ते जपानभर पसरले. महायुद्धात होरपळलेल्या राष्ट्राने एवढ्या लवकर, मुद्दाम विजेचे दिवे मालवून, लाकडे पेटविली ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

जपानी लोकांस हे साधले याचे एक कारण असे की त्यांची आग आधी देवाची होती आणि मग नाटकाची झाली. आपलीही तशीच होती. गोंधळ घ्या. संबळ आणि तुणतुणे यांच्यावाचून एखादे वेळी निभेल, पण पेटविलेल्या दिवटीवाचून गोंधळ होत नाही. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर येथील देवींबरोबर आमच्याच जिल्ह्यातील सौंदत्तीच्या रेणुकेस आवाहन केले जाते. ती कानडी मुलखातली म्हणून मराठी गोंधळी तिला वगळीत नाही, आणि मराठी भक्तांची रीघ तिच्या डोंगरावर लागते. त्या दिवटीत देवी येऊन बसते अशी श्रद्धा आहे. नंतर त्याच उजेडात गोंधळी आख्यान लावतो, सोंगे घेतो, हसवतो, रडवतो. देवाची ज्योत आणि नाटकाचा दिवा हे दोन नव्हेतच. आपल्याकडे पुढे या दोहोंची ताटातूट झाली. देवाने दिवटी ठेवून घेतली आणि नाटकाने वीज घेतली. लग्नानंतरच्या गोंधळात आजही निपाणीत हे दृश्य दिसते: मांडवभर विजेचे दिवे लखलखत असतात आणि त्यांच्याखाली ती एवढीशी दिवटी, कोणास काही दाखविण्याचे काम न उरलेली, पण विझू न दिलेली.

किनारपट्टीच्या कर्नाटकात अलीकडे यक्षगानाचे काही खेळ मुद्दाम दिवट्यांच्या उजेडात करतात, आणि लोक ते पाहावयास जातात. तो केवळ हौसेचा प्रकार आहे असे म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण अशा एका रात्रीत जे कळते ते पुस्तकांत कळत नाही: पडदा का एवढा वेळ धरतात, मुकुटास बेगड का, आरोळी का. आपल्याकडे सांगलीच्या आख्यानपद्धतीचा एखादा प्रयोग, दोन पडदेकरी, चार मशालजी आणि एक बुधली घेऊन, विजेवाचून करून पाहण्यास काय हरकत आहे? कर्कीच्या बाजूचे कोणी जाणते कलावंत त्यास बोलवावे. राळ किती बारीक कुटावी, मुठीत ती कशी धरावी आणि वाऱ्याची दिशा पाहून ती कधी सोडावी, हे त्यांना ठाऊक असेल. ज्यांनी मशाली धरल्या त्या घरांतील वृद्धांस आधी विचारले तर अधिकच बरे. अशा माहितीला संहिता नसते. ती हातांत असते, आणि हातांबरोबरच जाते.

राळ अजून मिळते. बेळगावच्या पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात मागितली तर दुकानदार डब्यातून पिवळसर खडे काढून कागदावर ठेवतो. मलमासाठी हवी की धुपासाठी, एवढेच तो विचारतो.